ओएलईडीच्या पुरवठादार कंपन्यांना खुलं पत्र : आयुष्याचे तास सांगा, पण अटींसकट

प्रति,
ओएलईडी पडद्यांसाठी रसायनं, यंत्रं, मास्क, आवरणं आणि चाचणी-सेवा पुरवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : मटेरियलच्या आयुर्मानाचे आकडे पूर्ण अटींसह जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

फोनच्या किंवा टीव्हीच्या खोक्यावर तुमचं नाव कधी नसतं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि फार तर पॅनेल कुणी बनवलं यावर जाणकारांची थोडी चर्चा. त्यातलं प्रकाश देणारं मटेरियल कुणाच्या प्रयोगशाळेतलं, ते कुणाच्या चेंबरमध्ये वाफ होऊन काचेवर बसलं, मटेरियल नेमक्या जागीच बसू देणारी छिद्रांची जाळी, म्हणजे मास्क, कुणाचा, ओल रोखणारा थर कुणाचा, हे विकत घेणाऱ्याला माहीत नसतं आणि त्याचं काही अडतही नाही. माझं अडतं. मी मोजमापाच्या छोट्या उपकरणांवर काम करतो. अशा उपकरणाच्या पडद्यावर तोच मेनू, त्याच जागी, दिवसभर पेटलेला असतो. ओएलईडीचे, म्हणजे वीज मिळाली की स्वतःच उजळणाऱ्या सेंद्रिय थरांच्या पडद्याचे, यापेक्षा जास्त हाल करणारा वापर शोधावा लागेल. म्हणून तुमची माहितीपत्रकं आणि परिषदांमधले निबंध मी बारकाईनं वाचतो, आणि दर वेळी एकाच आकड्यापाशी अडखळतो : आयुष्याचे तास.

मध्यंतरी एका पुरवठादाराला (नाव घेत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा असता तरी हेच झालं असतं) मी विचारलं की तुमच्या पत्रकातले तास कोणत्या ब्राइटनेसला आणि कोणत्या तापमानाला मोजले आहेत. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : ‘सर्वसाधारण परिस्थितीत’. आणखी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो आकडा त्यांनाही वरूनच आला होता. पॅनेलवाल्याकडून मॉड्यूलवाल्याकडे (पॅनेलला जोडण्या बसवून तयार पडदा विकणाऱ्याकडे), तिथून माझ्याकडे, असा तो खाली घरंगळत आला होता आणि वाटेत त्याच्या सगळ्या अटी गळून पडल्या होत्या. या घरंगळण्याची सुरुवात तुमच्या दारात होते. म्हणून पत्र तुम्हाला.

अटी गळाल्या तर काय बिघडतं, ते साध्या गुणाकारानं दाखवतो. तुम्हाला हे पाठ आहे, पण पत्र खुलं आहे आणि ते बाकीचेही वाचतील.

ओएलईडी नेहमीच्या ब्राइटनेसवर मरेपर्यंत चालवून पाहायला वेळ कुणाकडेच नसतो. म्हणून ते कित्येक पट प्रखर चालवायचं, लवकर थकवायचं, आणि मिळालेल्या तासांवरून नेहमीच्या ब्राइटनेसचे तास काढायचे. सुरुवातीचा ब्राइटनेस एका घातांकानं चढवून त्याला तासांनी गुणलं की गुणाकार साधारण कायम राहतो, असं यात गृहीत धरलेलं असतं. हा घातांक बहुतेक वेळा दीड ते दोनच्या आसपास सांगतात. आता समजा, दहापट ब्राइटनेसवर २०० तास मिळाले. घातांक १.५ धरला तर नेहमीच्या ब्राइटनेसला सुमारे ६,३०० तास होतात. २ धरला तर २०,०००. मटेरियल तेच, चाचणी तीच, फक्त कागदावरचा घातांक वेगळा. यापैकी कोणता वापरला, आणि तो किती वेगवेगळ्या ब्राइटनेसवर मोजून काढला की कुठल्या जुन्या निबंधातून उचलला, हे पत्रकात लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

पुढची गंमत एलटी-९५ आणि एलटी-५० मधली. प्रकाश मूळच्या ९५ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ म्हणजे एलटी-९५, निम्म्यावर यायला लागलेला म्हणजे एलटी-५०. ओएलईडी सरळ रेषेत मावळत नाही. सुरुवातीला झपाट्यानं उतरतं, मग रेंगाळतं. हे रेंगाळणं किती, ते मटेरियलवर आणि थरांच्या रचनेवर ठरतं, आणि गणितात त्यासाठी ताणलेला घातांकी वक्र वापरतात. एलटी-९५ जर ३०० तास असेल, तर वक्राचा ताण (हा आकडा जितका लहान, तितकं रेंगाळणं जास्त) १ धरल्यावर एलटी-५० सुमारे ४,००० तास येतो. ताण ०.७ धरला तर १२,००० च्या वर जातो. ०.५ धरला तर ५४,००० च्याही पुढे. जाहिरातीत यातला कोणता आकडा झळकतो हे सांगायला नको. आणि माझ्यासारख्याला उपयोगाचा असतो तो नेमका लहान आकडा, कारण पडद्यावरचा मेनू निम्मा मावळेपर्यंत कुणी थांबत नाही. शेजारच्या जागेपेक्षा तो काही टक्क्यांनी फिका पडला की डोळ्याला खुपतो. त्यालाच लोक बर्न-इन म्हणतात.

रंगाचंही तसंच. ‘निळा’ एवढं म्हटल्यानं काही कळत नाही. सिनेमासाठीच्या डीसीआय-पी३ मानकात निळ्याचा वाय-निर्देशांक (रंगाची जागा सांगणाऱ्या दोन आकड्यांपैकी एक, निळ्यात तो जितका लहान तितका रंग गडद) ०.०६ आहे, टीव्हीसाठीच्या बीटी-२०२० मानकात ०.०४६. याच्या बरंच वर, आकाशी छटेकडे, जो निळा असतो त्याचं आयुष्य वाढवणं तुलनेनं सोपं. तरीही आकाशी निळ्याचे तास आणि गडद निळ्याची गरज एकाच वाक्यात बसवलेली मी वाचली आहेत.

निळ्यावर माझा रोख का, हे उघड आहे. ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर लाल प्रकाशकणाची २ च्या आसपास. प्रकाश देणारे रेणू, म्हणजे एमिटर, मुख्यतः दोन प्रकारचे. फॉस्फोरेसंट एमिटरमध्ये उत्तेजित अवस्था मायक्रोसेकंदभर टिकते, फ्लुओरेसंटमध्ये ती नॅनोसेकंदांत संपते. एवढी ऊर्जा घेऊन रेणू जास्त काळ ताटकळला की त्याची दुसऱ्या उत्तेजित रेणूशी किंवा विद्युतभाराशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. दोघांची ऊर्जा एकत्र आली की ती ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते आणि रेणूतले बंध तुटायला तेवढी पुरते. लाल आणि हिरवा फॉस्फोरेसंट होऊन बराच काळ लोटला तरी निळा अडून बसला, त्यामागे हे आहे. फ्लुओरेसंटमध्ये विजेतून तयार झालेल्या उत्तेजित अवस्थांपैकी फक्त चौथा हिस्सा थेट प्रकाश देतो. तीन चतुर्थांश वाया जाऊ नयेत म्हणून काही युक्त्या आहेत, पण पडद्यांतल्या निळ्यात सर्रास वापरली जाणारी युक्ती फॉस्फोरेसंटच्या शंभर टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. म्हणजे आज पडद्यातला सर्वांत कमी कार्यक्षम रंग हाच सर्वांत नाजूकही आहे, आणि त्याच्याबद्दलचे आकडे सर्वांत धूसर आहेत.

फॉस्फोरेसंट मटेरियल पुरवणाऱ्या युनिव्हर्सल डिस्प्ले कॉर्पोरेशननं २०२२ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की फॉस्फोरेसंट निळा २०२४ मध्ये बाजारात येईल. २०२४ गेलं. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेनं जाहीर केलं की युनिव्हर्सल डिस्प्लेबरोबर मिळून या निळ्याची व्यापारी उत्पादनाच्या पातळीवर पडताळणी झाली आहे. दोन थर एकावर एक, खाली फ्लुओरेसंट, वर फॉस्फोरेसंट, आणि वीज सुमारे १५ टक्के कमी. हे काम मोठं आहे, त्याचं कौतुक मनापासून. उशिराबद्दलही माझी तक्रार नाही, रसायनशास्त्र कुणाच्या तारखा पाळत नाही. तक्रार एवढीच की बाहेरच्या माणसाला या सगळ्या काळात गाडी कुठवर आली हे कधी समजलंच नाही. ‘प्रगती चांगली आहे’ हे वाक्य दर तिमाहीला ऐकू यायचं. किती तास, कोणत्या वाय-निर्देशांकाला, किती निटला (निट हे ब्राइटनेसचं एकक), हे नाही. आणि आता दोन थरांत काम वाटून घेणाऱ्या पॅनेलच्या टिकाऊपणावरून फॉस्फोरेसंट निळा एकटा किती टिकतो, ते काढता येत नाही.

हे असंच चालत आलंय, असं कुणी म्हणू नये. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी आजच्या सगळ्या ओएलईडीचा पाया घातला. त्याच गटानं १९९६ मध्ये सुधारित उपकरणाचा निबंध लिहिला, तेव्हा आकडा असा दिला : सुरुवातीचा ब्राइटनेस ५१० निट, निम्म्यावर यायला सुमारे ४,००० तास. आजच्या मानानं तो आकडा किरकोळ वाटेल, पण त्याच्याशी तुलना करता येते, कारण कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दोन्ही लिहिलेलं आहे. युनिव्हर्सल डिस्प्लेच्याच संकेतस्थळावर एकेकाळी लाल, हिरव्या आणि फिकट निळ्या मटेरियलचे तक्ते असायचे. त्यात रंगाचे निर्देशांक, कार्यक्षमता, आणि १,००० निटला एलटी-९५ व एलटी-५० असं सगळं शेजारी शेजारी. तापमान आणि वक्र सोडले तर मी आज मागतोय त्यातलं बरंच काही त्यात होतं. म्हणजे व्यवसाय बुडत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे ग्राहक पॅनेल बनवणारे आहेत, त्यांना आम्ही सगळं देतो. देता, गोपनीयतेच्या कराराखाली. मोठा कारखाना तुमच्या मटेरियलची पिंपं घेतो, स्वतः वर्षभर तपासतो, त्याला पत्रकाची गरजच नसते. गरज असते ती बाकीच्यांना : छोटी उपकरणं बनवणाऱ्यांना, विद्यापीठांतल्या संशोधकांना, जुने पॅनेल तपासून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना, आणि उद्या तुमच्याशी स्पर्धा करू पाहणाऱ्या नव्या कंपनीलाही. हो, शेवटच्या नावानं कपाळाला आठ्या पडतील. पण या क्षेत्रात माहिती किती सहज बंद कपाटात जाते ते पाहा. कोडॅकचा ओएलईडी व्यवसाय २००९ मध्ये एलजीकडे गेला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची मटेरियल कंपनी नोव्हालेड २०१३ मध्ये सॅमसंग समूहात गेली. जर्मनीतल्याच ब्रुखझालची सायनोरा वर्षानुवर्षं निळ्यावर झटली, २०२२ मध्ये सॅमसंग डिस्प्लेनं घेतली. बीएएसएफचे ओएलईडी पेटंट २०१६ मध्ये युनिव्हर्सल डिस्प्लेकडे गेले, मर्कचे फॉस्फोरेसंट पेटंट २०२३ मध्ये तिकडेच. पेटंट तरी सगळ्यांना वाचता येतात. अपयशी ठरलेल्या मटेरियलची आयुर्मानाची मोजणी मात्र कुणालाच दिसत नाही, आणि नव्यानं सुरुवात करणारा त्याच भिंतीवर पुन्हा डोकं आपटतो.

यंत्रवाल्यांनी आणि मास्कवाल्यांनी इथं पत्र खाली ठेवू नये. तुम्हीही यात आहात.

निर्वात चेंबरमध्ये थर बसवताना आत उरलेल्या पाण्याच्या वाफेनं आयुष्य कमी होतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. तेच मटेरियल, तीच रचना, पण चेंबर नीट न वाळवलेला, की तास घसरतात. जपानमधल्या मित्सुके शहरातली कॅनन टोक्की काय किंवा कोरियातली सुनिक सिस्टिम काय, यंत्र कुणाचंही असो, चाचणीच्या वेळी चेंबरचा दाब काय होता आणि त्यात पाणी किती होतं हे आकड्यासोबत नसेल तर तो आकडा मटेरियलचा की चेंबरचा, कोण सांगणार? शुद्धतेचंही तेच. ९९.९ टक्के शुद्ध म्हटलं तरी उरलेल्या अंशात क्लोरीन-ब्रोमीनसारखे हॅलोजन असले तर आयुष्यावर त्यांचा परिणाम होतो. मटेरियल किती वेळा संप्लवन करून (घनाची थेट वाफ करून) शुद्ध केलं, चेंबरच्या भिंतींवरून खरवडून पुन्हा शुद्ध केलेल्या मालावरही तीच चाचणी घेतली का, हे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी सांगायचं. भिंतींवर आणि मास्कवर बसून वाया जाणारा भाग मोठा असतो. तो परत मिळवणं चांगलंच आहे, फक्त परत मिळवलेलं मटेरियल नव्याइतकंच टिकतं हा दावा आकड्यानं करा.

आणि आवरण. ओएलईडीच्या आवरणातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी फक्त एक मायक्रोग्रॅम पाणी झिरपावं, ही या क्षेत्राची नेहमीची अपेक्षा. काचेखालच्या चाचणी-नमुन्यात ती सहज पुरी होते. वाकणाऱ्या पॅनेलवर पातळ थरांचं आवरण असतं, तिथं ती पुरी करायला घाम गाळावा लागतो. काचेखाली मोजलेले तास वाकणाऱ्या पॅनेलच्या माहितीपत्रकात आले तर ते खोटं नव्हे, पण खरंही नव्हे.

तुमच्यातल्या काहींच्या हातात ताकद किती आहे, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. सूक्ष्म छिद्रांचा धातूचा मास्क घ्या. तो लोखंड-निकेलच्या इन्व्हार मिश्रधातूचा, साधारण वीस-तीस मायक्रोमीटर जाडीचा. या मास्कच्या बाजारावर दाइ निप्पॉन प्रिंटिंग या जपानी कंपनीचं किती काळ वर्चस्व राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१९ मध्ये जपाननं कोरियाला जाणाऱ्या तीन मालांवर निर्यात-निर्बंध कडक केले, त्यात वाकणाऱ्या पडद्यांचं फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड हे प्लास्टिक होतं. तेव्हा पडदे बनवणाऱ्या महाकाय कंपन्यांचीही झोप उडाली होती. निर्बंध २०२३ मध्ये उठले, पण तेवढ्या काळात एक गोष्ट उघडी पडली की साखळीत खरी किल्ली कुणाकडे असते. ज्यांच्याकडे किल्ली आहे, त्यांनी ‘ग्राहक परवानगी देत नाहीत’ असं सांगितलं तर ते मला पटत नाही.

गुपितं फुटतील, हा दुसरा आक्षेप. त्यात थोडं तथ्य आहे. मटेरियलची रचना, होस्ट-डोपंटचं (मुख्य मटेरियल आणि त्यात थोडं मिसळलेलं एमिटर यांचं) प्रमाण, थरांची जाडी हे तुमचं भांडवल, ते मागतच नाही. पण चाचणीचं तापमान सांगितल्यानं कुणाला रेणू काढता येत नाही. घातांक सांगितल्यानं नाही. किती नमुने मोजले आणि त्यांच्यात फरक किती पडला, हे सांगितल्यानं तर नाहीच नाही.

शेजारच्या क्षेत्राकडे बघा. सेंद्रिय सौरघटवाले तुमचेच चुलत भाऊ, त्यांची मटेरियलं पुष्कळशी तुमच्याच जातकुळीची. त्यांच्याकडेही एकेकाळी ज्याला जसं सुचेल तसं आयुर्मान मोजत. २०११ मध्ये त्यांनी आयएसओएस नावाचे चाचणी-नियम ठरवले. अंधारात ठेवून मोजलं की उजेडात, तापमान किती, आर्द्रता किती, प्रत्येक प्रकाराला नाव. २०२० मध्ये पेरोव्स्काइट सौरघटांसाठी ते वाढवले, आणि सोबत निबंधात काय काय लिहायचं याची तपासयादीही दिली. आता निबंधात नुसता ‘आयएसओएस-एल-१’ (उजेडातल्या चाचणीचा एक प्रकार) एवढा उल्लेख असला तरी वाचणाऱ्याला अर्धं चित्र समजतं. तुमच्याकडे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६२३४१ मालिकेत प्रतिमा चिकटण्याची आणि आयुर्मानाची मोजणी कशी करावी याचं मानक आहे, पण ते तयार पॅनेलसाठी. त्याच्या कितीतरी आधी, मटेरियलच्या छोट्या चाचणी-नमुन्यावर जो आकडा जन्मतो, त्याला असं सर्वमान्य बंधन नाही.

म्हणून मागणी अशी. आयुर्मानाचा कुठलाही आकडा, मग तो परिषदेत असो, प्रदर्शनाच्या फलकावर असो की गुंतवणूकदारांपुढे, त्यासोबत इतकं लिहा : सुरुवातीचा ब्राइटनेस, चाचणी खरोखर ज्या ब्राइटनेसवर झाली तो, घातांक आणि तो कसा काढला ते, रंगाचे दोन्ही निर्देशांक, तापमान, प्रकाश वरून बाहेर पडतो की खालून, थर एक की दोन, वीज सलग दिली की स्पंदांत, सुरुवातीचे काही तास वगळले असतील तर किती, नमुने किती. शक्य असेल तिथं एका आकड्याऐवजी पूर्ण वक्र द्या, म्हणजे ९५, ९० की ५० हा वादच उरणार नाही. एका पानात मावतं हे सगळं.

यात एकच गोष्ट खरोखर कठीण आहे : वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे चेंबर सारखे नसतात, त्यामुळे सगळ्या अटी लिहूनही दोन कंपन्यांचे तास थेट ताडून पाहता येणार नाहीत. त्यावर माझ्यापुरता उपाय सुचवतो. रचना सर्वांना माहीत असलेलं, जुनं, पेटंटची मुदत संपलेलं एक हिरवं उपकरण ठरवा. १९९९ सालापासून प्रयोगशाळांत वापरात असलेल्या इरिडियमच्या हिरव्या एमिटरचं चालेल. त्याचे थर आणि जाड्या एकदा लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीनं आपलं नवं मटेरियल मोजताना त्याच चेंबरमध्ये, त्याच दिवशी, हे उपकरणही बनवावं आणि दोन्हींचे तास शेजारी छापावेत. तुमचा चेंबर ओला असेल तर संदर्भ-उपकरणही लवकर मरेल, आणि ते सगळ्यांना दिसेल. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटानं निळ्या फॉस्फोरेसंटचं आयुष्य दहापट वाढवल्याचं दाखवलं, ते त्यांच्याच नेहमीच्या रचनेशी तुलना करून. त्या ‘दहापट’ला अर्थ आला तो शेजारी तुलनेचा नमुना होता म्हणून. कंपन्यांच्या ‘दुप्पट’ आणि ‘तिप्पट’ला मात्र पायाच सापडत नाही.

यासाठी सगळ्यांनी एकत्र बसायची वाट पाहू नका, समिती नेमली की पाच वर्षं जातात हे तुम्हीही जाणता. कुणा एका मटेरियल कंपनीनं पुढच्या डिस्प्ले वीक या वार्षिक परिषदेतल्या निबंधात संदर्भ-उपकरणाचा वक्र छापला, तर त्याच सत्रात पुढच्या वक्त्याला श्रोत्यांतून पहिला प्रश्न काय येईल, हे मला नक्की माहीत आहे. मी सभागृहात असेन तर तो मीच विचारेन.

कळावे,

आपला,
दिवसभर एकच मेनू दाखवणाऱ्या पडद्यांचा एक गरजू गिऱ्हाईक